बारा भागांची नदी

आमच्या कारखान्यातल्या स्टोअरवाल्या काकांइतकं एकच पुस्तक वाचलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक दहा पुस्तकं एकेकदा वाचतात. काकांनी एकच वाचलं आणि जन्मभर पुरवून पुरवून वाचलं. एका अमेरिकन लेखकाची जुनी कादंबरी, कुणीतरी मराठीत आणलेली. घरातून पळालेला एक उनाड पोरगा आणि मालकाकडून पळालेला एक गुलाम तराफ्यावर बसून एका प्रचंड नदीतून खाली खाली जातात, एवढीच गोष्ट. पण काकांच्या मते जगात जे जे म्हणून घडतं ते सगळं त्यात होतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाचं भावाशी वाजलं, की हे म्हणणार, "अरे, हे नदीत आलंय." पुस्तकाचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं 'नदी'.

आणीबाणी उठून तीन-चार वर्षं झाली असतील. आठवीत शाळा सोडलेला, भंडाऱ्याकडचा मी, अंबडच्या त्या कारखान्यात हंगामी कामगार म्हणून लागलो होतो. सगळे मला 'भंडारा'च म्हणायचे. माझ्या बोलण्यातला 'जी' ऐकून मशीनवरची मंडळी हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. काही चुकलं तर काढून टाकतील ही धास्ती कायम, त्यामुळे दिवसभर माझी सोबत काय ती ड्रिल मशीनची. कारखान्यात पद्धत अशी, की प्रत्येकाकडे पितळेची टोकनं असत. स्टोअरच्या खिडकीत टोकन द्यायचं, हत्यार न्यायचं; हत्यार परत केलं की टोकन परत. काकांनी 'नदी'चे बारा भाग करून, प्रत्येकाला खाकी पुठ्ठा घालून ते ड्रिलच्या शेजारच्या खणात ठेवले होते आणि तेही टोकनावरच मिळत. एका वेळी एकच. मी एकदा ड्रिल मागायला गेलो, तर माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तू कुणाशी बोलत नाहीस ना? म्हणजे तुला वेळ आहे. हे ने."

परत आलेला भाग ते उजेडात धरून, ड्रिलची धार बघावी तसा तपासायचे. एका टर्नरने चौथ्या भागावर भजी ठेवून खाल्ली, तर आठवडाभर त्याला साधी कानस मिळेना. सुपरवायझर स्वतः खिडकीशी आले.

"काका, काम अडलंय हो त्याचं."

"साहेब, तुम्हाला कानस देतो. त्याला नाही. तो तिनं कांदे सोलील."

"लय झालं काका!" टर्नर मागून ओरडला. "पुस्तक हाय का देव?"

"देवावर भजी ठेवली असतीस का?" काका म्हणाले, आणि सुपरवायझरसुद्धा हसत परत गेले.

तराफ्याचा तर त्यांचा दांडगा अभ्यास. सुट्टीच्या दिवशी ते मला गंगेवर न्यायचे (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) आणि पुलावर उभे राहून ओंडके कसे बांधावेत, वल्हं कुठे हवं, तराफ्यावर चूल मांडायला माती किती घालावी, हे तासभर सांगायचे. स्वतः मात्र घोट्याच्या वर पाण्यात कधी उतरले नाहीत. पोहता यायचं नाही. नाशिक रोडला एका खोलीत एकटेच राहत. घरी कोण कोण असतं, हे मी एकदाच विचारलं. "चल, चहा घेऊ," म्हणाले.

मी वाचायला फार हळू. ओठ हलवत वाचायचो. एका भागाला तीन-तीन आठवडे लागत. नऊ भाग झाले आणि माझा ब्रेक आला. हंगामी माणसाला कायम करावं लागू नये म्हणून काही महिन्यांनी घरी बसवत. पुन्हा बोलावलं तर बोलावलं. नोकरीची काळजी होतीच, पण खरं सांगतो, तितकीच त्या तराफ्याची होती. तो पळालेला माणूस सुटतो की धरला जातो, हे कळल्याशिवाय मी गावी कसा जाणार?

शेवटच्या दिवशी खिडकीशी गेलो. "काका, उरलेले तिन्ही भाग द्या जी. परत आणून देतो."

"एका टोकनावर एक."

"माझी टोकनं तर जमा झाली."

"मग एकही नाही." खिडकीला हात घालत म्हणाले, "परत येतो, परत येतो. सगळे हेच म्हणतात. येत कुणी नाही." आणि खिडकी लावून घेतली.

मी गेटपर्यंत पोचलो, तोच मागून चपलांचा आवाज आला. शिफ्ट चालू असताना काकांना खिडकीबाहेर कुणी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं त्यांनी माझ्या पिशवीत कोंबलं आणि परत फिरले.

गाडीत पुडकं उघडलं. दहाव्या भागावर तेलाच्या बोटांचे दोन-चार ठसे होते, अकराव्यावर एखादाच. बाराव्याचा पुठ्ठा मात्र कोरा करकरीत, पाठ अजून ताठ; काकांना तो तोंडपाठ, उघडावा लागतच नसणार. आमच्यासारखे हंगामी ब्रेक येईपर्यंत कसेबसे नवव्या-दहाव्यापर्यंत पोचणार, आणि कायम झालेल्यांना वाचायची हौस नाही. इतकी वर्षं तो शेवट काका एकटेच सांभाळत बसले होते.

कारखान्याने मला बोलावलं नाही. दोन-तीन महिन्यांनी नाशिकलाच, सातपूरला, एका वर्कशॉपमध्ये जागा मिळाली, तेव्हा पहिल्या सुट्टीला (आमची सुट्टी अंबडपेक्षा वेगळ्या वारी असे), जेवणाच्या वेळी, मी अंबडच्या गेटवर गेलो. काका बाहेर आले. पुडकं घेतलं, पण तपासलं नाही.

"बारावा पण वाचलास?"

"हो जी. दोनदा."

ते समोरच्या टपरीच्या बाकावर बसले. डबा तसाच मांडीवर. मी अडखळत सांगत गेलो. तो माणूस मोकळा झाला ते फार बरं झालं, पण नदी संपली तेव्हा मला एकदम परक्या गावात उतरल्यासारखं झालं, असं काहीतरी म्हणालो. भोंगा वाजला.

"काका, भोंगा झाला जी."

"वाजू दे. परक्या गावात... आणि मग? आणखी काय वाटलं तुला?"

मला काय वाटलं, हे शाळेतसुद्धा कधी कुणी विचारलं नव्हतं. काका मात्र वाट बघत बसून राहिले.