वामन मास्तरांची ट्रंक आणि पेटी

भरवसा ठेवावा तरी कोणावर, सांगा बरं? कवीवर की गवयावर? अन् दोघं एकाच अंगरख्यात असले तर? आमचे वामन मास्तर तसेच होते. नांदुऱ्यात स्टेशनाच्या रस्त्यावर माझं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान; शाळा सुटली की मास्तर तिथं येऊन बसत. त्यांचे किस्से म्हणजे कापसाच्या जिनातली सरकी हो! एका बाजूनं उपसा, दुसऱ्या बाजूनं ढीग तयार.

त्या साली मात्र मास्तरांचा जीव टांगणीला लागला. घर दीड खोलीचं. त्यात कवितांच्या वह्यांची लोखंडी ट्रंक अन् बाजाची पेटी. लेक पहिल्या बाळंतपणाला येणार, तेव्हा वहिनींनी बजावलं, "खाट टाकाले जागा नाही. पोळ्याच्या आत दोघांतलं एक बाहेर काढा. नाही तं मीच काढीन!"

मास्तर माझ्याकडे आले. "शेठ, दोन डोळ्यांतला कोणता फोडू?"

आधी ठरलं, पेटी द्यायची, कवितेलाच धरायचं. अकोल्याच्या कविसंमेलनाचं बोलावणं होतं. मी स्वतः तिकीट काढून दिलं. इंजिनानं शिट्टी दिली. मास्तरांचा एक पाय डब्यात, एक फलाटावर, डोळे मिटलेले. "थांबा शेठ, पुन्हा ऐकू द्या!" दुसरी शिट्टी झाली अन् गाडी हलली. मी ओरडलो, "मास्तर, गाडी गेली!"

"जाऊ द्या हो! पंचम लागला!"

मग ठरलं, सूर खरा, ट्रंक द्यायची. कविता बंद. पण चाली लावायला काही तरी हवं ना! त्यांनी पाढ्यांनाच चाली लावल्या. सतराचा पाढा भीमपलासात! शाळा तपासायला डिप्टीसाहेब आले. एका पोराला उभं केलं, "सतरा नव्वे?" पोरगं साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिलं. साहेब गरजले, "मुकं आहे का रे?"

"नाही साहेब. तुमी आधी सूर द्या ना!"

मास्तर घाबरून पुन्हा कवितेकडे! गुलाब चाचा पिंजारी माझ्या दुकानाशेजारीच कापूस पिंजत. त्यांना कविता नुसती वाचून दाखवायची, गायची नाही, असं ठरवून मास्तर बसले. पण पिंजायच्या धुनकीची तार टणटणली अन् झालं! अकराच्या अकरा कडवी तारेवर म्हटली. चाचाही रंगात येऊन तोच तो कापूस पिंजत राहिले. रजईवाला आला. बोटभर जाडीची रजई पाहून म्हणतो, "काऊन चाचा, माहा कापूस कुठी गेला?"

"आधा रजई में है भाई, आधा मास्टरजी की कविता में। देखो, उनकी मूंछ पे बैठा है!"

पुढं खामगावात एक मोठे गवई आले. मास्तरांनी तीच कविता त्यांच्या हाती दिली. बुवांनी पहिली ओळ धरली, ती तासभर सोडलीच नाही! मास्तर एका डोळ्यानं सुखाचं रडत होते, दुसऱ्यानं दुःखाचं. बैठक उठल्यावर विचारलं, "बुवा, बाकीची कडवी?"

बुवा घाम पुसत म्हणाले, "मास्तर, जरा थोडक्यात लिहीत जा!"

पोळा दोन दिवसांवर आला. मास्तर म्हणाले, "आता पंचांनीच ठरवावं." रविवारी दुपारी जिनाच्या आवारात मंडळी जमवली. कविता आधी नुसती म्हणायची, मग पेटीवर गायची. माझ्यापुढं दोन वाट्या, एक शब्दांची, एक सुरांची. दर वाहला वाटीत एक सरकी. शब्दांच्या वाटीत नऊ पडल्या. मग पेटी उघडली. सात... आठ... नऊ! शेवटचं कडवं राहिलं. बायकांत वहिनी बसलेल्या, पदर ओठांवर. मास्तरांनी सूर उचलला, अन् ओळच आठवेना! बोटं पेटीवर थबकली. शब्द नाही, सूर नाही.

तेवढ्यात बायकांतून आवाज आला, "वाह!"

वहिनी! एवढ्या संसारात पहिल्यांदा! मास्तर धावत आले, माझं मनगट धरलं. माझ्या चिमटीत दहावी सरकी. "थांबा शेठ! अगं, हे वाह शब्दाला की सुराला?"

"दोघालेही नाही! तुमी गप बसले ना, त्याले!"

आवार हसून हसून लोळलं. मास्तर मात्र हसले नाहीत. वहिनींकडे बघतच राहिले. मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "शेठ, तिसरी वाटी मांडा. अन् हिशेब इमानदारीनं ठेवा बरं!"