मधुवंती भोयर आणि गार्गीची एंट्रन्स

मधुवंती भोयरच्या पसंतीला उतरलेला माणूस अख्ख्या प्रताप नगरात शोधून सापडला नसता. वरच्या मजल्यावरच्या बाई हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे वाटत, म्हणून त्या उथळ. समोरचे काका पहाटे मोठ्यानं श्लोक म्हणत आणि संधी चुकीचा सोडवत, म्हणून ते ढोंगी. विमा कंपनीच्या ज्या ऑफिसात ती कारकून होती, तिथले साहेब तर तिच्या मते अक्षरशत्रू. माहेरची ती पांढरीपांडे. खापरपणजोबांनी भोसल्यांच्या दफ्तरात खर्डेघाशी केली, आजोबांनी इंग्रजांच्या, वडिलांनी सरकारच्या. पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची कागदपत्रं उतरवून घराण्याला जे काय मिळालं होतं ते एवढंच, की दुसऱ्याची चूक चटकन दिसे.

अशा बाईनं प्रेमविवाह केला, हेच एक नवल होतं. नवरा प्रमोद वीज कंपनीत. रामटेकच्या अलीकडच्या गावातला, धानाची शेती असलेल्या घरातला. घरचे त्याला पिंटू म्हणत. लग्नानंतर पहिल्याच सणाला सासरे मनोहरराव अंगणातून ओरडले, "पिंटू, बायकोले पाणी दे गा!" तेव्हाच मधुवंतीनं मनाशी ठरवलं, की आपल्या पोटी येणारं मूल या अंगणापासून जितकं लांब नेता येईल तितकं न्यायचं. सासऱ्यांनी तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नव्हता. पण ते 'मला'ला 'मले' म्हणत, बशीतून चहा पीत आणि लग्नाच्या पंगतीत ढेकर देत. तेवढं तिला पुरेसं होतं.

मुलगी झाली. गार्गी. हुशार निघाली, आणि मधुवंतीनं त्याचं सगळं श्रेय पांढरीपांड्यांच्या रक्ताला देऊन टाकलं.

गार्गी चौथीत असताना ऑफिसातली कामिनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मुलाला घेऊन आली. मुलगा पेंचवुड नावाच्या निवासी शाळेत लागला होता. अंगात ब्लेझर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. मधुवंतीच्या खुर्चीला धक्का लागला तसा म्हणाला, "एक्सक्यूज मी, आंटी." बस्स. कामिनीसारख्या, 'आवक-जावक'मधला फरक न कळणाऱ्या बाईचा मुलगा असं बोलतो म्हणजे काय! त्या रात्री मधुवंतीनं नवऱ्याला सांगितलं, गार्गी सहावीला पेंचवुडला जाणार.

"एवढ्याशा पोट्टीले होस्टेलात?" प्रमोद म्हणाला. "आन् काहून? इथं काय शाळा नाईत?"

"शाळा आहेत. माणसं घडत नाहीत," मधुवंती म्हणाली.

पेंचवुड होती रामटेकच्या वाटेवर, मनोहररावांच्या गावापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. पेंच नदी तिथून बरीच लांब, आणि वुड म्हणावं असं एकही झाड शाळेनं बांधकामात शिल्लक ठेवलं नव्हतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथं धान व्हायचं. आता तिथं घोडे होते, पोहण्याचा तलाव होता, आणि प्रवेशासाठी लेखी परीक्षा, मुलाखत आणि 'पेरेंट्स इंटरॅक्शन' असे तीन उंबरठे होते. शाळा सासरच्या इतकी जवळ आहे याचं मधुवंतीला वाईटच वाटलं. पण कंपाउंडची भिंत उंच होती, ते बघून तिचं समाधान झालं.

तयारीसाठी प्रताप नगरातच केयूर सरांचा क्लास होता. सर तिशीतले, केसांना जेल, बोलण्यात 'बेसिकली'. त्यांना गणित बेताचं येई, पण आईबापांची भीती बरोबर मोजता येई.

"मॅडम, बेसिकली पेपर कोणीही काढतो," सर म्हणाले. "खरी गेम इंटरव्ह्यूत आहे. छंद काय, विचारतात. क्रिकेट, ड्रॉइंग सांगितलं की गेलं. आम्ही बर्ड वॉचिंग देतो."

"देता म्हणजे?"

"सगळ्यांना नाही देत. तुमच्या मुलीला हळद्या देतो. गोल्डन ओरिओल. एकदम क्लासी पक्षी आहे."

मधुवंतीला हा माणूस भामटा आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. तरी तिनं गार्गीचं नाव घातलं. भामट्यांचा तिला तिटकारा होता, पण कामिनीच्या मुलाचा त्याहून जास्त होता.

मग सव्वा वर्ष त्या घरात एंट्रन्सशिवाय दुसरं काही शिजलं नाही. गार्गीचं संध्याकाळचं खेळणं बंद झालं. दिवाळीला गावी जाणं बंद झालं. हुडकेश्वरला राहणारी चुलत बहीण गुंजन, जिच्याशी गार्गीचं मेतकूट जमलं होतं, तिच्याकडे जाणंही बंद झालं, कारण गुंजन 'आपण जाऊन राहिलो' म्हणते आणि ते तोंडाला चिकटतं. मधुवंती ऑफिसातून आली की पर्स खाली ठेवायच्या आधी विचारी, "आकृतीमालिका झाली?" भाजी चिरताना ती विरुद्धार्थी शब्द विचारी, पोळी लाटताना राजधान्या. गार्गीनं उत्तर चुकवलं, की मधुवंती ओरडत नसे. नुसती म्हणे, "भोयरांसारखं करू नकोस." प्रमोद समोरच जेवत असे. तो भाताचा आणखी एक घास घेई.

त्याचीही तयारी चालू होतीच. केयूर सरांनी त्याला एक वाक्य दिलं होतं, की मी माझ्या मुलीसोबत क्वालिटी टाइम घालवतो. इंग्रजीतून. बिचारा सबस्टेशनवर फेऱ्या मारताना ते पुटपुटत असे. मधुवंतीनं त्याला बजावलं, "हे एक बोलायचं, आणि मग नुसतं हसायचं. 'हाव' म्हणायचं नाही. मेलास तरी 'हाव' म्हणायचं नाही."

या सगळ्या तमाशात एक गोष्ट मात्र खरी घडली होती. गार्गीला अभ्यास आवडायला लागला. पेंचवुडच्या माहितीपत्रकात गच्चीवरच्या एका मोठ्या दुर्बिणीचं चित्र होतं. ते तिनं कापून पलंगाशेजारी चिकटवलं. तिला ब्लेझर नको होता, घोडा नको होता. तिला त्या दुर्बिणीतून शनीची कडी बघायची होती. आईला हे तिनं सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही.

लेखी परीक्षेत गार्गी पहिली आली. मधुवंतीनं ऑफिसात पेढे वाटले आणि कामिनीला मुद्दाम दोन दिले.

मुलाखत जानेवारीत होती. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तर तिथं मनोहरराव उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि हातात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी. अजून वाफ येत होती.

"म्हटलं पोरगी सकाळपासून उपाशी असन," ते म्हणाले. "घे वं माय."

मागून एक लांबलचक गाडी येत होती. तिच्यात टाय लावलेला बाप आणि रेशमी साडीतली आई. मधुवंतीनं पिशवीकडे पाहिलं, मागच्या गाडीकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही त्या चहाच्या टपरीवर बसा," ती म्हणाली. "आत फक्त आईवडिलांनाच सोडतात."

हे खोटं होतं. त्या रेशमी बाईंबरोबर आजी होतीच. मनोहररावांनी तेही पाहिलं. "बसतो ना," म्हणाले आणि पिशवी घेऊन टपरीकडे चालू लागले.

आत डायरेक्टर मॅडम होत्या. मोत्यांची माळ, वातानुकूलित खोली आणि चेहऱ्यावर उपकार करत असल्याचं स्मित. त्यांनी गार्गीला छंद विचारला.

"बर्ड वॉचिंग. माझा आवडता पक्षी गोल्डन ओरिओल."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "सकाळपासून या खोलीत इतके हळद्ये आलेत, की पिंजरा मागवावा लागेल."

मधुवंतीचे कान तापले. केयूर सरांनी तो क्लासी पक्षी अख्ख्या बॅचला वाटला होता. पण गार्गी गडबडली नाही. "तो सरांनी सांगितलेला आहे, मॅम," ती म्हणाली. "मला खरं तर तुमची दुर्बीण बघायचीय. तिच्यातून शनीची कडी दिसतात का?"

मॅडमनी शेजारच्या सरांकडे पाहिलं. सरांनी खांदे उडवले. दुर्बीण कुठे ठेवली आहे हे दोघांनाही आठवेना. पण मुलगी चुणचुणीत आहे हे पसंत पडलं, आणि मोर्चा बापाकडे वळला.

प्रमोदनं तोंड उघडलं. क्वालिटीपर्यंत गाडी नीट आली आणि तिथं अडली. त्यानं कपाळ पुसलं. "मॅडम, मी सांगू का सरळ? मी ड्युटीवरून आलो का आमी दोघं बापलेक अंगणात बसतो. थे मले दिवसभराचं सांगते, मी आयकतो. एवढंच आहे आमचं."

"तुम्ही इथले? लोकल?"

"हाव, मॅडम. ह्या भिंतीपलीकडचाच."

"अच्छा! लोकल लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत," मॅडम गोडपणे म्हणाल्या. "मेसमध्ये, गार्डनमध्ये. खूप प्रामाणिक असतात. फक्त एक काळजी वाटते, घरच्या भाषेची. आम्ही मुलांवर मेहनत घेतो आणि सुट्टीत घरी गेली की सगळं धुऊन जातं. म्हणून काही कुटुंबांना आम्ही सुचवतो, भेटीच्या दिवशी आजी-आजोबांना आणू नका. मुलं ऑकवर्ड होतात."

"हाव, मॅडम," प्रमोद म्हणाला. आणि हसला. सांगितलं होतं तसं, नुसतं हसला.

ते हसू मधुवंतीला सहन झालं नाही. सव्वा वर्ष तिनंच ते घासूनपुसून तयार केलं होतं.

"काय धुऊन जातं?" तिनं विचारलं.

"पार्डन?"

"तुम्ही म्हणालात, धुऊन जातं. काय ते? दुर्बीण कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही, म्हणजे ती तर आधीच धुतली गेली. पेंच नदी तरी बघितलीय का कधी? दारावर नाव लावलंय म्हणून विचारते. तुमच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग चुकलंय. मी सव्वा वर्ष गप्प बसले. आणि ही खुर्ची मांडलीय ना तुम्ही, तिथं माझ्या सासऱ्यांच्या भाऊबंदांचं धान व्हायचं. त्यांना ऑकवर्ड होत नव्हतं, चिखलात उभं राहायला."

शेजारचे सर खाकरले. मॅडमचं स्मित तसंच राहिलं, फक्त त्याच्यातून बाई निघून गेली होती. "थँक यू," त्या म्हणाल्या. "वी विल लेट यू नो."

बाहेर टपरीवर मनोहरराव उठून उभे राहिले. "झालं का वं माय?" गार्गीनं त्यांच्या धोतराला मिठी मारली आणि हमसून रडली. ते बिचारे शेंगांची पिशवी सावरत तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

परतीच्या वाटेवर मधुवंतीला वाटत होतं, कोणीतरी आपल्याला शाबास म्हणावं. प्रमोद गाडी चालवत होता. मागच्या सीटवरून गार्गी म्हणाली, "त्या मॅम जे बोलल्या ना, ते तर तू रोजच म्हणतेस. मग चिडलीस कशाला? आजोबांना टपरीवर कोणी बसवलं?"

मधुवंतीनं खिडकीची काच खाली केली आणि नागपूर येईपर्यंत वर घेतली नाही.

दोन आठवड्यांनी शाळेतून फोन आला. मुलगी लेखीत पहिली आहे, मॅडमनी मन मोठं केलंय. आईनं एकदा येऊन दिलगिरी व्यक्त केली तर प्रवेश पक्का. गार्गीनं हे ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. मधुवंतीनं ते पाहिलं. जन्मात कोणाची माफी न मागितलेली ती बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून, करवतकाठी नेसून तयार झाली. आरशासमोर तिनं वाक्य म्हणून पाहिलं. गाडीची किल्ली मागितली.

प्रमोद दारात उभा होता. "नाई जायचं."

"गार्गीला जायचंय, प्रमोद."

"मालूम आहे मले. थे रडन. रडू दे. थ्या बाईसमोर तू वाकली ना, तं उद्या पोरगीही जिथं तिथं वाकन." मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तू बोलली, तवा मले पयल्यांदा वाटलं का तू आमच्या घरची आहेस. थे नको बिघडवू."

त्यानं किल्ली दिली नाही. गार्गीनं खोलीचं दार आपटलं आणि बरेच दिवस आईशी कामापुरतंच बोलली. पलंगाशेजारचं दुर्बिणीचं चित्र तिनं फाडलं. हे नुकसान खरं होतं. नंतर कोणी कितीही चांगलं म्हटलं तरी खरंच होतं. सहावीला ती प्रताप नगरातल्याच एका शाळेत गेली. तिथल्या मुख्याध्यापिका मधुवंतीच्या मते मठ्ठ होत्या.

जूनमध्ये मधुवंती गार्गीला घेऊन बाजारात निघाली तर चौकात केयूर सरांच्या क्लासचा भला मोठा फ्लेक्स. मधोमध गार्गीचा फोटो, खाली 'पेंचवुड लेखी परीक्षेत प्रथम, आमची विद्यार्थिनी'. मधुवंतीनं स्कूटी तिथंच उभी केली आणि तरातरा आत शिरली. नव्या बॅचचे आईबाप बाकांवर बसले होते.

"तो फ्लेक्स आत्ता उतरवा," ती म्हणाली. "माझी मुलगी त्या शाळेत नाही. आणि तुम्ही तिला काय शिकवलंत? एक पक्षी! तोही सगळ्या गावाला वाटलेला!"

सर गोरेमोरे झाले. "मॅडम, बेसिकली..."

तेवढ्यात बाकावरची एक बाई उठली. तिच्या हाताशी चष्म्याची एक लहानशी मुलगी. "म्हणजे फोटोतल्या मुलीची आई तुम्हीच?" ती अदबीनं म्हणाली. "ताई, पहिली कशी आली हो ती? घरी काय करून घेत होता?"

मधुवंतीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. बाईचा कुर्ता इस्त्रीचा नव्हता आणि हातातलं गाइड जुन्या अभ्यासक्रमाचं होतं.

"हे आधी फेकून द्या," मधुवंती म्हणाली. "आणि आकृतीमालिका सकाळी घ्या, रात्री नाही. रात्री घेणारे मूर्ख असतात."

बाकांवरचे बाकीचेही जवळ सरकले. कोणीतरी तिला खुर्ची दिली. बाहेर स्कूटीवर बसलेली गार्गी बराच वेळ हॉर्न वाजवत होती.