चिमणीच्या पाइपाचा सांधा

माझा नवरा एसीच्या डक्टचं काम बघतो. ऑफिसांच्या छतात थंड हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते जोडून घेणं त्याचं काम. सांध्यातून हवा निसटू नये म्हणून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची चंदेरी चिकटपट्टी लावतात. तो तिला फॉइल टेप म्हणतो, आणि तिचा विषय निघाला की त्याचा आवाज जरा जड होतो.

मरोळच्या घरी आम्ही स्वयंपाकघरात चिमणी बसवली तेव्हा बसवायला आलेल्या माणसाला त्याने पाइपाला हातसुद्धा लावू दिला नाही. पाइप ओट्यावरून वर जाऊन माळ्यावर आडवा होतो आणि मग खिडकीबाहेर पडतो. माळ्यावर एक सांधा आला. तो ह्याने स्वतः जोडला, टेप लावली, आणि आता वीस वर्षं इकडे बघायला नको असं जाहीर करून स्टुलावरून उतरला.

त्या माळ्याचं दुसरं तोंड बेडरूममध्ये उघडतं, नेमकं त्याच्या शर्टांवर. वर्षभरात इस्त्रीच्या शर्टांना तळलेल्या बोंबलाचा वास यायला लागला. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. आठवड्यातून चार दिवस तवा चढतो. ह्याने सगळा दोष त्यांच्यावर टाकला. आधी दार लावून तळायला सांगितलं, मग शर्ट हलवले. एक दिवस साइटवर क्लायंटच्या इंजिनीअरने हवा हुंगत त्याला विचारलं की आज कॅन्टीनला मासे आहेत का. घरी आला तो तोंड पाडूनच.

सासूबाईंनी शांतपणे सांधा बघायला सांगितला. तो म्हणाला, शक्य नाही, सांधा मी केलाय.

"तू केलंस म्हणान धूर काय तुका वळाखता रे?" त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी माझ्या हातात पेटलेली उदबत्ती दिली आणि मला स्टुलावर चढवलं. चिमणी सुरू केली. सांध्याजवळ उदबत्ती धरली तर तिचा सरळ चढणारा धूर एका बाजूला फेकला गेला. नवरा खाली स्टूल धरून उभा होता. मला हसू फुटत होतं, पण त्याचे कान लाल झालेले दिसले आणि मी ते आवरलं. तो टेपचं बंडल आणायला गेला.

जुन्या टेपवर त्याने नवी टेप गुंडाळली. चौथ्या दिवशी ती केळ्याच्या सालीसारखी लोंबत होती. मग टेपचा माल खराब निघाला, साकीनाक्याच्या दुकानदाराला आता बघतोच, असं सुरू झालं. सासूबाईंनी ती लोंबणारी टेप मागून घेतली, तिच्या आतल्या बाजूवर अंगठा फिरवला आणि तेलकट अंगठा त्याच्यापुढे धरला.

"आदी पूस," त्या म्हणाल्या, "मगे चिटकय."

त्यावर तो पुटपुटला की साइटवर पत्रा नवा कोरा असतो, पुसायला लागतच नाही. एवढी वर्षं हे काम करून घरच्या फोडणीचा थर त्याच्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

गरम पाण्यात सोडा घालून त्याने पाइप घासला, फडक्याने कोरडा केला, वर पंखा लावून ठेवला. मग मागचा कागद थोडा थोडा सोलत टेप बसवली. सुरकुत्या राहत होत्या म्हणून मी त्याला चमचा दिला. चमच्याच्या पाठीने घासल्यावर टेप अशी बसली की पाइपाचंच कातडं वाटावं. ह्यावेळी त्याने वर्षांचा आकडा सांगितला नाही.

सांधा टिकला. शर्ट दोन धुण्यांत माणसांत आले.

परवा तो हॉलमध्ये फोनवर कामगारांना समजावत होता. जुन्या हॉटेलचं काम आहे, पत्रा आधी सोड्याने पुसून घ्या, कोरडा करा, मगच टेप. "अनुभवाने सांगतोय," असंही वर म्हणाला.

सासूबाई ओट्याशी कोळंबी सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढची कोळंबी घेतली.