मधल्या सालची लॉरी

लॉरी अंगणात येऊन थांबली की रत्नाक्का आधी तिच्या चाकांना हात लावायच्या. ड्रायव्हर अजून खाली उतरलेला नसायचा, इंजिनाची धडधड पुरती थांबलेली नसायची, तोवर त्या पदर खोचून एकेका चाकापाशी वाकत आणि मधल्या लोखंडावर तळहात टेकवत. एखाद्या चाकावरून हात झटकन मागं घेत, एखाद्यावर जरा वेळ ठेवत. मग मान वर करून पहिला प्रश्न, "कुटं थांबली? का थांबली?" माल पोचला का, हे त्यानंतर.

मी निपाणीला त्या घरात सून म्हणून आले, तेव्हा मला ही काहीतरी घराण्याची रीत वाटली होती. माझं माहेर शेतकऱ्याचं. बैलाच्या अंगावरून हात फिरवलेला मी पाहिला होता, पण गाडीच्या नाही. मी यांना विचारलं तर हे हसले आणि म्हणाले, "आक्काला चाक बोलतंय. तुला न्हाय ऐकाय याचं."

रत्नाक्का म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. चिकोडीकडं दिल्या होत्या. कपाळ पांढरं होऊन ऐन विशीत माहेरी परत आल्या. माझ्या सासऱ्यांच्या बैलगाड्या होत्या, तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाले गठ्ठे, बेळगावला नि कोल्हापूरला न्यायच्या. पुढं सासऱ्यांनी गाड्या मोडून एक लॉरी घेतली. साधीच, ठेंगणी, मागं उघडी फळ्यांची. ते गेल्यावर धंदा या बहीणभावावर आला. हे माल मिळवायचे, व्यापाऱ्यांशी बोलायचे. लॉऱ्या मात्र वन्संच्या. त्यांना चालवता यायचं नाही, पण त्यांच्या शब्दाशिवाय एक चाक फिरत नसे.

त्यांना एका जागी बसलेलं मी पाहिलं नाही. जेवतानाही एक गुडघा उभा. "वन्सं, बसा की जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "मला बस म्हणू नगंस गं. बसलं की डोक्यातलं इंजान सुरू हुतंय." जैनाचं घर, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. लॉरी यायची राहिली असली की त्या ताटावर येतच नसत. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून अंगणात, अशा येरझाऱ्या चालायच्या. लॉरी दिवस बुडाल्यावर आली, तर त्या तशाच उपाशी निजत. निजत तरी कुठल्या, कूस बदलत राहत.

लॉऱ्या तीन होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच बांधणीच्या, फक्त साल वेगळं. अठ्ठावीस सालची, तेहतीस सालची आणि मी आले त्या वर्षी घेतलेली अडतीसची. वन्सं त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणायच्या आणि तिघींचं सतत ताडून बघायच्या. बेळगावला गेल्या की खडेबाजारात उभ्या असलेल्या परक्या लॉरीच्या ड्रायव्हरलाही गाठायच्या. "कुठल्या सालची बाबा तुजी? घाटात काय म्हणती?" लोक हसायचे. एकदा घरी माझे मामा आले. कशानं आलात विचारलं, तर म्हणाले लॉरीनं. वन्संनी हातातला पाण्याचा तांब्या माझ्याकडं दिला आणि थेट रस्त्यावर ती लॉरी बघायला गेल्या. मामा हात धुवायचे थांबून राहिले.

त्यांचा निकाल ठरलेला होता. "थोरली बंद पडती, पर सांगून पडती. धाकटी पडत न्हाय, पर पडली तर हितं कुणाच्या बापाला उठवाय याची न्हाय. मधली चालत असती तवाच भ्या वाटतंय."

मधली दिसायला सगळ्यांत देखणी. चढाला जोर करायची, थोरलीच्या दीडपट माल ओढायची. पण वन्संचं म्हणणं असं, की कंपनीनं त्या साली इंजिनाची ताकद वाढवली आणि ब्रेक मात्र थोरलीचेच ठेवले. थोरली मुळात बेतानं धावणारी, तिला ते पुरत. मधली भरून तवंदीचा घाट उतरली की चाकं पोळत, आणि तापली की ब्रेकवरचा पाय खाली जाऊन फळीला टेके. दुरुस्त केलं की चार खेपा बरी, पुन्हा तेच. कोल्हापूरच्या एका मालकाची त्याच सालची लॉरी होती, तिचंही तसंच होतं. ती एका उतारावर रस्ता सोडून गेली आणि तिचा ड्रायव्हर वाचला नाही. ते कळल्यापासून वन्संनी मधलीला घाट बंद केला. ती गावातल्या गावात, सपाटीला फिरायची.

मग लढाई आली. पेट्रोल चिठ्ठीवर मिळू लागलं, नव्या गाड्या येईनाशा झाल्या आणि जुन्यांना मागणी आली. वन्सं चिकोडीला कुणाच्या तरी सुतकाला गेल्या होत्या. तेवढ्यात खानापूरकडचा एक जण बायकोला घेऊन आला. विठोबा त्याचं नाव. शेतकरी गडी, लष्करात गाडी चालवायला शिकून आलेला. त्याला मधली आवडली. यांनी ब्रेक नवे करून घेतले आणि लॉरी देऊन टाकली. विठोबाच्या बायकोनं, पार्वतीनं, लॉरीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, माझ्या पाया पडली आणि नवऱ्याशेजारी चढून बसली.

वन्सं आल्या त्या मधलीच्या रिकाम्या पडवीकडं बघतच थांबल्या. "मधली कुटं हाय?"

"इकली," हे म्हणाले.

"ब्रेकचं सांगितलंस?"

"नवं करून दिलंय की आक्का. काय सांगायचं?"

"नवं करून आपुन किती डाव बघिटलं, बाळू? काय भरणार हाय त्यो?"

"लाकूड. घाटाखाली उतरवणार म्हणं."

वन्सं मधलीच्या रिकाम्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. हे म्हणाले, "गडी लष्करात गाडी चालवून आलाय. बघून, फिरवून घेतलीया त्येनं. आता त्यो आणि त्येची गाडी."

"साकु," वन्सं म्हणाल्या. कन्नडातलं हे 'पुरे' त्यांच्या तोंडी फक्त रागात यायचं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाट फुटली तशी मला हलवून म्हणाल्या, "कमळे, ऊठ. माज्यासंगं चल. त्येच्या बायकुशी बोलाय एक बाईमाणूस असूदे."

धाकटी कोल्हापूरला गेली होती. थोरली तेवढी घरी होती. हुसेन म्हणून आमचा जुना ड्रायव्हर होता, त्यानं हँडल मारून ती सुरू केली. हे दारात उभे राहून बघत होते. अडवलं नाही, या असंही म्हणाले नाहीत.

थोरलीनं सवयीप्रमाणे संकेश्वरच्या पुढं वाफा टाकल्या. हुसेन उतरून पाण्याच्या टाकीचं झाकण निवायची वाट बघत थांबला. वन्सं खाली उतरल्या आणि बेळगावच्या दिशेनं चालू लागल्या. "वन्सं, कुठं?" मी ओरडले. मागं न बघता म्हणाल्या, "ती निवंस्तवर मी थोडं पुढं हुतो. गाठा मला." आम्ही गाठलं तेव्हा त्या उन्हात बऱ्याच लांब गेल्या होत्या. काकतीच्या अलीकडं पुन्हा तेच झालं आणि पुन्हा त्या चालत सुटल्या.

बेळगाव, मच्छे मागं टाकून विठोबाच्या गावी पोचलो, तेव्हा दुपार कलली होती. मधली त्याच्या दारात उभी होती, सागाच्या ओंडक्यांनी भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घाट उतरणार होती. पार्वतीनं हसून गूळपाणी आणलं. पण वन्संनी लॉरीचं नाव काढताच विठोबाचा चेहरा बदलला.

"भाव चढलाय म्हणून परत न्याय आलाय व्हय? न्हाय जमायचं आक्का. यवहार झालाय."

"भावाचं मरूंदे. ब्रेक ऱ्हात न्हाईत हिचं. माल भरून उतरलास तर जिवाशी येतंय."

"मी तवंदीचा घाट उतरूनच आलोय न्हवं?"

"घाट चढून गेलं की दुसऱ्या अंगाला थोडा उतार हाय. त्योबी रिकामी उतरलास."

विठोबा हसला. आमच्या थोरलीकडं, तिच्या वाफाळलेल्या तोंडाकडं बोट करून म्हणाला, "अशी गाडी घिऊन आलेल्या माणसानं मला गाडीचं सांगावं!"

वन्सं सरळ जाऊन मधलीत चढून बसल्या. "चल. नदीकडं उतार हाय न्हवं? मी शेजारी बसतो. काय झालं न्हाय तर मी परत जातो, पुन्ना तोंड दावत न्हाय."

विठोबा नको म्हणत होता. पार्वतीच पुढं झाली. "एवढ्या लांबनं बाई कशापायी आली आसंल? जावा. हुंदे एकदा मनासारखं."

हुसेन, पार्वती आणि मी उताराच्या माथ्यावर उभे राहिलो. लॉरी उतरली, खाली व्यवस्थित थांबली, वळून वर आली. विठोबानं खिडकीतून डोकं काढून बायकोकडं बघून हसून घेतलं. "आणि एकदा," आतून वन्संचा आवाज आला. लॉरी पुन्हा उतरली, पुन्हा आली. माझ्या मनात आलं, की आता पुरे झालं, मान खाली घालून परत जावं. पण वन्संनी पुन्हा हात हलवला.

त्या खेपेला वळणापाशी लॉरीचा वेग कमी झाला नाही. हुसेन एकदम "या अल्ला" म्हणाला. लॉरी सरळ नदीकडं निघाली होती. विठोबानं कसं कुणास ठाऊक, पण चाक फिरवलं आणि ती भाताच्या बांधावर घातली. मोठा आवाज झाला. ओंडके पुढं सरकून कॅबिनची मागची फळी फुटली.

आम्ही धावत गेलो. वन्सं माझ्या आधीच खाली उतरून, एका हातानं दुसरं मनगट धरून, विठोबाच्या बाजूला उभ्या होत्या. तो आत तसाच बसला होता. चाक घट्ट धरून, ओठ पांढरे, पाय ताठ. वन्सं त्याला हळू आवाजात सांगत होत्या, "पाय काढ बाबा. पाय काढ ब्रेकवरनं. थांबलीया ती."

पार्वतीनं त्याला ओढून बाहेर काढलं आणि त्याच्या छातीवर मुठी मारत रडू लागली. तो वन्संच्या पायाशी बसला. वन्सं म्हणाल्या, "ऊठ. हुसेन परवा धाकटी घिऊन यील. ती तुजी. ही आमची आमी वडून न्हेतो."

"आक्का, ती तर नवी हाय. वर द्याय माज्याकडं काय न्हाय."

"मागितलं व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी परतताना काकतीनंतर वन्संचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. मनगट फडक्यात बांधलेलं, सुजलेलं, पण झोप गाढ. भर दिवसा, खडखडणाऱ्या कॅबिनमध्ये त्या झोपल्या होत्या. हुसेननं माझ्याकडं बघितलं आणि खड्डे चुकवत गाडी सावकाश हाकली.

घरी रणकंदन झालं. "धाकटी दिऊन आलीस? घर बुडीवलंस आक्का!" हे ओरडले. वन्सं म्हणाल्या, "घर हाय जाग्याव. माणूसबी हाय जाग्याव." यांनी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. धंदाही खरंच आखडला. एका थोरलीवर कितीसा चालणार? मधलीचं इंजिन काढून वन्संनी ते मळ्यातल्या विहिरीवर बसवलं आणि पाणी उपसायला लावलं. ते पुढं कधी अडलं नाही. "हुब्या इंजानाला ब्रेक लागत न्हाय," असं म्हणून स्वतःच हसायच्या. मनगट मात्र वाकडंच राहिलं.

स्वातंत्र्याचे झेंडे लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना ताप धरला. अंथरुणावरही त्यांचे पाय हलत असायचे. लढाई संपून नव्या लॉऱ्या यायला लागल्या होत्या. एका दुपारी त्यांनी हुसेनला बोलावून सांगितलं, "बेळगावास जाऊन बघून ये. ह्या सालच्याला ब्रेक कसलं दिल्यात, इचारून ये." हुसेन गेला. तो बघून, विचारून, तेल लागलेल्या हातांनी धावत आला, तेव्हा वन्सं गेल्या होत्या. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला आणि कुणाला सांगावं ते त्याला कळेना. शेवटी मलाच म्हणाला, "चांगलं दिल्यात, वैनी. चारीबी चाकास्नी."

त्यानंतर काही महिन्यांनी यांनी थोरली विकायला काढली. गडहिंग्लजकडचं एक गिऱ्हाईक आलं. हे त्याला लॉरीभोवती फिरवत होते, आणि मी चुलीपासून ऐकत होते. पाणी कुठं उकळतं, स्प्रिंगची कुठली पट्टी तुटायला आली आहे, हँडल उलटं फिरून हाताला कसं मारतं, पावसात कुठून गळतं, हे सगळं हे सांगत राहिले. ते माणूस ऐकता ऐकता थकलं. "मालक, तुमाला इकायची न्हाय वाटतं," असं म्हणून रामराम करून निघून गेलं.

हे आत आले. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. अर्धं पाणी पिऊन थांबले.

"काय झालं?" मी विचारलं.

"ब्रेक चांगलं हायत हिचं," हे म्हणाले. "तेवढं सांगायचंच ऱ्हायलं की गं."

तांब्या खाली ठेवला, पायात वहाणा अडकवल्या आणि त्या माणसाच्या मागं रस्त्यानं भराभरा चालू लागले.