रेघ मारलेली डबी

जानरावांनी कोरी रीळ मुंबईला धुवायला पाठवली. नुसती पाठवली नाही, तर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून, वर सुतळी आवळून, पोस्टातल्या बाबूला दोनदोनदा "सांभाळून जी" म्हणत पाठवली. परत आली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. कोरी रीळ दुसरं काय होऊन येणार?

हसायला हरकत नव्हती. पण त्या रिळात चंपा असायला हवी होती. चंपा पावसाळ्यात काविळीने गेली, आणि तिचा एकही फोटो घरात नव्हता.

चूक झाली ती खडूमुळे. तांदळाच्या डब्यात रिळाच्या दोन डब्या होत्या, एक वापरलेली, एक कोरी. वापरून झालेल्या डबीवर चंपा खडूची रेघ ओढून ठेवी. रेघ म्हणजे संपली. जानराव पडले क्रेनवाले. पोलादाच्या प्लांटमध्ये माल बांधणारा खलाशी साखळदंड तपासून मालावर खडूची रेघ ओढायचा; रेघ म्हणजे तयार, उचला. नवऱ्याने बायकोला रेघेचा अर्थ कधी विचारला नाही, बायकोने सांगितला नाही. संसार असाच चालतो. तर रेघेची डबी कोरी समजून जानरावांनी बिनरेघेची मुंबईला धाडली, आणि चंपा रेघेखाली तांदळात पडून राहिली.

आता हा कॅमेरा सेक्टर दोनच्या क्वार्टरात आला कसा, तेही सांगायला हवं. पावेल नावाचा रशियन फोरमन मायदेशी परत निघाला होता. चंपाच्या हातचं आंब्याचं लोणचं खाऊन त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी त्याने बरणी सोडली नाही. जाताना दोन बरण्या घेऊन गेला, चावीवर चालणारा, हलती चित्रं टिपणारा मुठीएवढा कॅमेरा ठेवून गेला. अख्ख्या भिलाईत लोणच्याला एवढा भाव कधी आला नसेल.

दुसऱ्या कुणी त्यात प्लांटमधली धमनभट्टी टिपली असती, पाहुणे टिपले असते. जानरावांनी स्वतःला टिपलं. दिवसभर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून ताडभर उंच बसून खाली पाहायचं. खाली माणसं मुंग्यांसारखी, आणि त्या मुंग्यांत आपण नाही. भंडाऱ्याकडच्या ज्या वस्तीला गावाच्या विहिरीला हात लावू दिला नाही, तिथला माणूस आज एवढालं लोखंड हवेत धरतो. पण धरणारा कोण, हे त्यालाच कधी दिसलं नव्हतं. म्हणून पत्र्याच्या पेटीवर कॅमेरा ठेवायचा, चावी भरायची, कळ अडकवायची आणि पळत जाऊन पाटावर बसून जेवायचं.

"जेवतानी का पाहाचं हाये?" चंपा म्हणायची. "तोंड बी एकच, घास बी एकच."

"मी जगून रायलो म्हंजे काय करून रायलो, हे मले एकडाव बाहेरून पाहाचं हाये."

"बाहेरून मी रोज पाहातो. इचारा ना मले."

त्यांनी विचारलं नाही.

मग एका रविवारी दुपारी त्यांनी तिलाच घ्यायचं ठरवलं. चंपा कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "अजी, थांबा. बाजूच्या सिंधुताईची वाटी देऊन येतो पयले. साखर आणली होती थ्या वाटीत."

"वाटी मंग देजो. उजेड चालला."

ती थांबली. चुलीपाशी बसली, भाकर थापली, उठली, वाढायला वाकली. रेघ ओढून डबी तिनेच डब्यात ठेवली. "धुऊन आली का पयले मले दाखवजा," एवढं म्हणाली. दाखवायचं राहिलं.

काळी रीळ जानराव पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत. त्यांच्या मनाने एक वेडंवाकडं घेतलं: चंपा उतरलीच नाही. भाकर उतरली नाही, चूल उतरली नाही, म्हणजे ती दुपार झालीच नसेल. आठ वर्षांच्या लेकीला, सत्यशीलेला, ते विचारत, "माय कशी दिसे वो?" भिलाईत वाढलेली ती अर्ध्या हिंदीत सांगायची, "अच्छी दिसे." त्यांना स्वतःलाही तेवढंच आठवत होतं.

मग एका दुपारी त्यांनी दाराची कडी लावली, तांदळातून रेघेची डबी काढली, तयार माल समजून तिच्यातली रीळ भरली, आणि कॅमेरा त्याच पेटीवर ठेवला. आपल्या जगण्यात आता काय उरलंय, तेवढं पाहायचं होतं. पाटावर बसले. जेवता जेवता काही कारण नसताना त्यांनी ताट जरा डावीकडे सरकवलं आणि स्वतःही सरकले. कुणी वाढायला आलं की माणूस सरकतो तसे.

रीळ धुऊन आली ती काळी नव्हती.

शेजारच्या ड्राफ्ट्समनने प्रोजेक्टर दिला. दुपारचीच वेळ, खिडकीवर घोंगडी टाकली, भिंतीवर धुतलेली चादर. सिंधुताई सत्यशीलेला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चादरीवर जानराव दिसले, एकटे, जेवताना.

"बाबा," सत्यशीला हळूच म्हणाली, "तुमच्या आरपार कोण जा रहा है?"

जानरावांच्या छातीतून एक हात निघाला, भाकर थापायला लागला. त्यांच्या गुडघ्यावर चूल पेटली होती. चंपा उठली, त्यांच्या खांद्यातून चालत आली आणि वाढायला वाकली. आणि चादरीवरच्या जानरावांनी नेमकं तेव्हाच ताट डावीकडे सरकवलं.

"तुमाले दिसली होती का, भाऊ?" सिंधुताईंनी विचारलं.

"नाई जी."

खडूचा घोळ त्यांना तेव्हा उमगला: एकाच रिळावर आधी चंपा उतरली होती, वर ते स्वतः. चंपा सापडली होती, पण चेहरा? तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं ते नेमकं त्यांच्या चेहऱ्याच्या जागी. डोळे तिचे, मिशा यांच्या. चादरीवर तिसरंच कुणीतरी बसून तिघांकडे टक लावून पाहत होतं. सत्यशीलेने सिंधुताईंच्या पदरात तोंड लपवलं. "ये माय नहीं है."

जानराव उठून चादरीच्या अगदी जवळ गेले. चंपाला त्यांच्यातून वेगळं करता येईना. आता रीळ संपणार, आणि एवढं करून ती पुन्हा जाणार.

तेवढ्यात चंपाने फळीवरून वाटी उचलली.

"माय वो! माही वाटी!" सिंधुताई ओरडल्या.

चंपा वाटी घेऊन दाराकडे निघाली. दार बंद होतं, कडी जानरावांनी लावलेली स्वच्छ दिसत होती. त्या बंद दाराच्या काळ्या फळ्यांवर चंपा एकदम स्पष्ट उमटली, केसांच्या बटांसकट. तिने वळून पाहिलं. हसली नाही, वेळ होतो आहे अशा घाईने पाहिलं. मग बंद दारातून बाहेर गेली, आणि चादर पांढरी झाली.

तिघांनीही मागे वळून घराच्या खऱ्या दाराकडे पाहिलं.

"हीच माय," सत्यशीला म्हणाली. "अशीच दिसे."

जानरावांनी मान हलवली. त्यांनाही आठवलं होतं. मग ते फळी धुंडाळायला लागले. वाटी फळीवर नव्हती, पेटीत नव्हती, न्हाणीत नव्हती. "तुमच्या घरी आली नाई ना थे?" त्यांनी सिंधुताईंना विचारलं.

"नाई, भाऊ. थ्या दिवशी बी नाई, मंग बी नाई. वाटी घेऊन निघाली खरी..." सिंधुताई म्हणाल्या.

सुपेल्याच्या आठवडी बाजारातून जानरावांनी तशीच पितळी वाटी आणली, साखर भरून शेजारी नेली. सिंधुताईंनी साखर काढून सत्यशीलेच्या हातावर ठेवली आणि वाटी परत केली.

"ही नोको, भाऊ. तिचं देनं हाये. थेच आनून देईल."

तेव्हापासून दुपारी सिंधुताई आपल्या दाराची कडी लावत नाहीत.