फाटकापाशी

धानोऱ्याच्या ज्या आश्रमशाळेत मी शिकवतो, तिथल्या अधीक्षिकाबाई बोलतानाही फाटकाकडे बघत असतात. सुट्टीनंतर मुलींना सोडून आया परत निघाल्या, की शेवटची दिसेनाशी होईपर्यंत बाई तिथून हलत नाहीत.

परवा शहरातून एक संशोधक आले. आदिवासी पोरांची बुद्धी जन्मतःच कमी असते का, या न संपणाऱ्या वादात त्यांना चाचणीसाठी आमची पोरं हवी होती. चाचणीत माणसाचं चित्र काढायचं होतं. पहिलीतल्या एका मुलीनं आई काढली, पण डोळे, नाक, तोंड काहीच काढलं नाही. त्यांनी गुण कापले.

बाईंनी तो कागद हातात घेतला.

"सर, हे पाठमोरी हाये. पोरीले इथी सोडून घरी जाऊन राह्यली."

"कशावरून?" संशोधकांनी विचारलं.

"मीबी इथीच शिकली न जी. माही आई मले आजबी अशीच दिसते."