बंदुकीऐवजी फावडं

आखातातल्या आमच्या रुसैलच्या कारखान्यातला मेंटेनन्सचा साहेब रुमानियाचा, पण घरात जर्मन बोलणारा. त्याचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिथे शेती करायला गेले आणि तिथलेच झाले. माणूस तोंडाने फटकळ, कामाला वाघ. शुक्रवारी आमच्याकडे अल मवालेहला जेवायला आला की सुक्या बोंबलाची चटणी घाम पुसत पुसत पुन्हा मागून घेतो. मला तो फार आवडतो. हे त्याच्या तोंडावर मी कधी सांगणार नाही, उगाच शेफारेल.

त्या शुक्रवारी घरात वातावरण तापलं होतं. बारावीतल्या लेकीला फौजेत ऑफिसर व्हायचं होतं आणि मी नाही म्हणून अडून बसलो होतो. माझे वडील फौजेत होते. दारात तारवाला दिसला की आई आधी आम्हा पोरांना कशी जवळ ओढून घ्यायची, ते मी पाहिलंय. जेवताना मी साहेबालाच पंच नेमलं. वाटलं, हा माझ्या बाजूनं बोलेल.

त्यानं स्वतःच्या वडिलांची गोष्ट काढली. त्यांच्या तरुणपणी, महायुद्धानंतर, रुमानियाच्या फौजेचा आपल्याच देशातल्या जर्मन पोरांवर भरवसा नव्हता. भरती सक्तीची, पण हातात बंदुकीऐवजी फावडं. वडिलांनी फौजेत कोळसा उपसला, कालवे खणले. पुढे कायदा बदलला आणि साहेबाच्या हाती बंदूक आली. त्याच्या शपथविधीला म्हातारा आपला ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत उभा होता.

"ज्या फौजेनं फावडं दिलं, तिच्याच परेडला?" मी विचारलं.

"मीही हेच विचारलं. वडील म्हणाले, माझ्यावर नाही ठेवला विश्वास, तुझ्यावर ठेवतायत. ते बघायला नको यायला? खलास, संपली गोष्ट. चटणी दे इकडे."

मी चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवली. आमच्या समाजालाही इंग्रजांनी फौजेची दारं बंद केली होती. पणजोबांच्या पिढीनं अर्ज करकरून ती पुन्हा उघडायला लावली, म्हणून माझ्या वडिलांच्या अंगावर वर्दी चढली. आणि त्यांच्या नातीसाठी तेच दार मी घरातून कडी घालून बंद करत होतो.

लेक ताटाकडे बघत होती. एरवी इंग्रजीत फाडफाड बोलणारी पोरगी अडखळत मराठीत म्हणाली, "बाबा, भीती तर... मला पण वाटते. पण मला जायचंय."

"जा," मी म्हणालो, आणि साहेबासमोरच रडायला लागलो.